खंडेनवमीला स्की खाली काढा

खंडेनवमीला आमच्याकडे देवासमोरच्या पाटावर विळी, हातोडी, टूलरूममधला माझा जुना व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) आणि बर्फावरून घसरायच्या स्कीची एक जोडी असते. पहिल्या वर्षी आईने विचारलं होतं, "या फळ्यांना पण कुंकू लावायचं का रे?" आता विचारत नाही. झेंडूचं फूल बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, टाचेत छान अडकतं, हा शोध तिचाच.

त्या दिवशी बाहेर ऑक्टोबरचं ऊन असतं, पंखा पाचवर असतो आणि गुलमर्गला अजून गवत असतं. पण माझा सीझन त्याच दिवशी सुरू होतो. दसऱ्यापासून चिल्लई कलानपर्यंत, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे ते चाळीस दिवस ज्या २१ डिसेंबरला सुरू होतात तिथपर्यंत, तिथीनुसार आठ ते अकरा आठवडे हातात येतात. बर्फ पडणं आपल्या हातात नाही. पाय आणि बूट आहेत, आणि ही दोन्ही कामं नाशिकमध्येच होतात. गुलमर्गला पोचल्यावर सुरू केली तर सहा दिवसांच्या सुट्टीतले तीन दिवस त्यातच जातात. माझे गेले आहेत.

आधी पाय, आणि तेही उतरताना

आपण सह्याद्रीतली माणसं. अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर चढलेलो असतो, त्यामुळे "आपल्याला काय, सवय आहे" असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या कमोडवर बसताना भिंत धरावी लागली.

कारण साधं आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. स्कीवर उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. दम लागणं वेगळं आणि मांडी भरून येणं वेगळं. सायकलवाल्यांनाही हे लागू आहे. नाशिकला सायकलीचं वेड आहे (डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्याच गावच्या भावांनी २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पुरी केली), पण सायकलवर फुप्फुसं तयार होतात, ब्रेक लावणारी मांडी नाही.

चांगली गोष्ट अशी, की उतरण्याचा हा ताण एकदा बेताने घेतला की पुढच्या वेळी स्नायू तितके दुखत नाहीत, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून माझा क्रम असा असतो.

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड बैठका. आखाड्यातल्या झपाझप नाहीत. खाली जाताना मनात चार आकडे मोजायचे, वर यायला एकच. पंधराच्या तीन फेऱ्या. त्यानंतर भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं अर्धा मिनिट, चार वेळा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमू लागलं की डोळे मिटून. रविवारी पांडवलेणी. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत, त्या आरामात चढा, वर थोडा वेळ बसा आणि उतरताना प्रत्येक पाऊल आवाज न करता टेकवा. धप्प आवाज आला म्हणजे मांडीने काम सोडलं आणि गुडघ्याने घेतलं.

चौथ्या आठवड्यापासून उतरण मोठी करा. पांडवलेणीच्या तीन-चार फेऱ्या, किंवा वणीच्या गडाच्या पाचशेवर पायऱ्या. फक्त कोजागरीला वणीला सरावासाठी जाऊ नका, त्या दिवशी गड कावडीवाल्यांचा असतो. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांचाही इथे उपयोग नाही, तिथे हातांनीच उतरावं लागतं. याच काळात लंगडी घालायला लागा. खरंच. जमिनीवर खडूची रेघ ओढायची आणि एका पायावर रेघेच्या डावी-उजवीकडे उड्या मारायच्या. स्कीइंगमध्ये वजन सतत एका पायावरून दुसऱ्यावर जात असतं आणि आपल्या रोजच्या चालण्यात आडवी हालचाल जवळपास नसतेच. इनलाइन (एका रांगेत चाकं असलेले) स्केट येत असतील तर अजून उत्तम, कडेवर झुकून वळण्याची भावना तिथे बरीच जवळची मिळते. चार चाकं दोन-दोनच्या जोडीत असलेल्या जुन्या स्केटने ते होत नाही.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच आडव्या उड्या दोन्ही पायांवर, तीस सेकंद जोरात आणि मिनिटभर विश्रांती, आठ वेळा. निघण्याआधीच्या आठवड्यात सगळं हलकं करा. त्या आठवड्यात कळसूबाई करून येणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत, ते विमानातही कुरकुरत असतात. आणि गुडघा आधीच दुखत असेल तर यातलं काहीही करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण ती ट्रेकरलाच नडते. घसाऱ्यावरून उतरताना आपण घाबरलो की मागे रेलतो, वेळ आली तर बूड टेकून घसरतो. सह्याद्रीत ते चालून जातं. स्कीवर मागे रेललं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, वळत नाही, आणि फळ्या तुम्हाला सोडून पुढे पळतात. मागे बसलेल्या अवस्थेत, कंबर गुडघ्यांच्या खाली गेलेली आणि सगळं वजन खालच्या स्कीच्या मागच्या टोकावर आलेलं असताना पाय पिळवटणं, ही एसीएल लिगामेंट (गुडघा आतून सांधून धरणारा पट्टा) तुटण्याची नेहमीची रीत आहे. म्हणून दोन सवयी आत्तापासून लावा. उतरताना नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली हवी आणि हात समोर, पोळपाट उचलून धरल्यासारखे. दुसरी सवय, तोल गेलाच तर मध्येच उठायची धडपड करायची नाही. पडायचं, पूर्ण पडायचं, थांबल्यावर उठायचं. अंजनेरीच्या वाटेवर घसाऱ्याचा छोटा सुरक्षित टप्पा बघून नाक पायाच्या बोटांच्या बरोबर वर येईल असं पुढे झुकून उतरून बघा. दहा पावलांत कळेल की तुम्ही किती मागे रेलता.

बूट: पैसे घालायचे तर इथे

स्की भाड्याने घ्या. स्वतःची जोडी माझ्यासारख्या हौशीने घ्यावी, तीही जुनी. पण दुसऱ्यांदा जाणार असाल तर बूट स्वतःचे हवेत. माझ्या पहिल्या सीझनला भाड्याच्या दुकानदाराने "आराम से बैठेगा" म्हणत दोन मापं मोठे बूट दिले. आरामात बसले खरे. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. पाय आत सरकत होता आणि दर वळणाला बोटं पुढे आपटत होती.

स्की बुटाचं माप आठ-नऊ नंबरात नसतं, पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतं. त्याला मोंडो म्हणतात. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा आणि लांब बोटाच्या टोकापर्यंत मोजा. २६.५ सेंटिमीटर आलं तर बूट २६.५ चा. दुकानात मग आतला मऊ लायनर काढून नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे बोटं घालून बघा. एक ते दोन बोटांएवढी जागा असेल तर बरोबर. तीन बोटं गेली तर बूट परत करा, दुकानदार काहीही म्हणो. लायनर घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. फ्लेक्सचा आकडा, म्हणजे बूट किती कडक आहे ते, नवशिक्याने १०० च्या आतच ठेवावा.

टाचेच्या बाजूला मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो, समजा ३०५. तो तळव्याची लांबी. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बाइंडिंग किती जोरावर सुटावं हे या आकड्यावर आणि तुमचं वजन, उंची, वय, स्की करण्याची तऱ्हा यांवर ठरतं. ते जास्त घट्ट लावलं तर पडताना स्की सुटत नाही आणि पाय पिळवटतो. तेव्हा भाड्याच्या दुकानात वजन खरं सांगा. दिवाळीचा फराळ धरून.

बूट घरात आले की नोव्हेंबरभर रोज संध्याकाळी अर्धा तास घालून बसा. लायनर पायाचा आकार घेतो आणि कुठे टोचतं ते इथेच कळतं. पायमोजा एकच, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक. दोन जाड मोजे घालण्याचा मोह टाळा, त्याने रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. मी हे बूट घालून टीव्ही बघतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं होतं, फरशी बदलताय का म्हणून.

जुने बूट असतील तर पावसाळ्यानंतर लायनर काढून सावलीत वाळवा, आपल्याकडच्या चार महिन्यांत त्यांना बुरशी धरतेच. कवचाला आणि सोलला बारीक तडे गेलेत का ते बघा. जुनं प्लॅस्टिक दमट हवेत ठिसूळ होतं आणि ते उतारावर समजलेलं परवडत नाही.

स्वतःची स्की असेल तर

माळ्यावरून काढलेल्या स्कीच्या लोखंडी कडांवर गंजाचा तांबूस पट्टा असतोच. खोडरबरासारखा गमी स्टोन मिळतो, तो कडेच्या लांबीला धरून फिरवला की गंज जातो. कडेला धार ८८ अंशांची लावावी की ८९ ची यावर टूलरूममधला माणूस तासभर बोलू शकतो, म्हणून मी इथे थांबतो. नवशिक्याला फरक पडत नाही.

वॅक्स मात्र करा. वाफेची भोकं नसलेली जुनी इस्त्री, कमी तापमान, वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवून थेंब टाकत न्यायचे आणि मग इस्त्री सतत फिरती ठेवत पसरायचे. धूर निघाला म्हणजे इस्त्री जास्त तापली. गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. ती इस्त्री नंतर कपड्यांना वापरायची नाही, हे घरात आधी सांगून ठेवा.

आभाळ कसं वाचायचं

माझ्या मेव्हण्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की तोही दिवसातून दहा वेळा हवामानाचा नकाशा उघडतो आणि मीही. तो ज्याला घाबरतो त्याचीच मी वाट बघतो.

भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेचे कमी दाबाचे पट्टे हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाशी येतात. बातम्यांत त्याला पश्चिमी झंझावात म्हणतात, बागाईतदार नुसतं 'डिस्टर्बन्स' म्हणतात. काश्मीरचा बर्फ मुख्यतः त्याच्याकडून येतो. तो कधी दक्षिणेकडे लांबला तर आपल्याकडे ढग, अवकाळी, क्वचित गारा, आणि फुलोऱ्यातल्या बागेवर डावणी हा बुरशीचा रोग. तो पुढे सरकला की उत्तरेचं गार वारं मोकळं सुटतं आणि निफाडचा पारा दहाच्या खाली येतो. मेव्हणा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, नाहीतर मणी तडकतात. त्याचा फोन आला, "आज लई गारठा आहे दाजी," की मी गुलमर्गचा वेबकॅम उघडतो. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा एक-दोन दिवसांपूर्वी तिथे बर्फ पडून गेलेला असतो.

यातून नियोजनाचा धडा असा की तारखा डिसेंबरात घट्ट बांधू नका. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, मोठा बर्फ महिना संपता संपता आला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी खेळांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. माझा अनुभव आणि जुगार दोन्ही फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांवर आहे. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी स्की करायला मिळाली तर बोनस समजावा. हॉटेल तारीख बदलू देणारं घ्या, मग थोडं महाग पडलं तरी चालेल. 'यंदा ला निनो आहे म्हणजे बर्फच बर्फ' किंवा उलट, असलं छातीठोक सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ला निना आणि एल निनो यांची नावं एकत्र करून बोलतात, तिथेच ओळखा.

कुठे शिकायचं, कसं जायचं

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून पायथाच हजार मीटर उंच. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा १९९८ पासून चालू आहे, तो कोंगडूरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ मध्ये झाला, तो अफरवत डोंगराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत जातो. नवशिक्याचं काम या दोन्हींशी नाही, खाली मैदानालगतच्या लहान उतारांशी आहे. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारा बहुतेक उतार आखीव नाही आणि तिथे हिमस्खलन होतं. २०२३ आणि २०२४, दोन्ही फेब्रुवारींत परदेशी स्कीअर तिथल्या हिमस्खलनात गेले आहेत, आणि ते शिकाऊ नव्हते. स्थानिक गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरायचा सराव यांतलं एक जरी नसेल तर वरून फक्त फोटो काढून गोंडोलानेच खाली या.

शिकायला सगळ्यात चांगलं म्हणजे सरकारी संस्थांचा कोर्स. गुलमर्गला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. जागा थोड्या असतात, त्यामुळे दिवाळीच्या आसपासच चौकशी करून अर्ज टाका. औली निवडलं तर लक्षात ठेवा, जोशीमठहून जाणारा रोपवे २०२३ च्या जमीन खचण्यात बंद झाला होता. निघताना वर जायची सोय काय आहे ते विचारून घ्या. मुंबई-पुण्याच्या स्नो पार्कमध्ये मुलांना जरूर न्या, पण ती स्कीची तयारी नव्हे.

जायचं तर ओझरहून दिल्ली आणि पुढे श्रीनगर हे सोपं. लांबची बॅग असल्याचं विमान कंपनीला आधी कळवा. मला रेल्वे आवडते. झेलम एक्सप्रेस मनमाडहून पकडायची, जम्मूपर्यंत दीड दिवसाच्या आसपास, आणि १६५ सेंटिमीटरची स्की खालच्या बर्थखाली नीट बसते. भुसावळपर्यंत कोणीतरी विचारतंच, "पडद्याचे रॉड का?" जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत जाते, चिनाबवरच्या पुलावरून, त्यामुळे पुढचा प्रवासही रुळांवर होतो. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, कॅलेंडरवर खूण करा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नास किलोमीटर, त्यातले तंगमर्गच्या पुढचे शेवटचे तेरा घाटाचे. बर्फात तिथे चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर सोडतात. विमा काढणार असाल तर त्यात स्कीइंग वगळलेलं नाही ना, ते बारीक अक्षरांत शोधा.

कपडे

तीन थर पुरतात. आत घाम ओढणारं थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. नोव्हेंबरात तिबेटी मार्केट लागलं की फ्लीस आणि टोपी तिथे मिळून जातात. सुती काहीही नको, बनियनसुद्धा, ते घामाने भिजून थंड पडतं. हातमोजे दोन जोड्या. गॉगल, हेल्मेट, एसपीएफ ५० चं क्रीम, आणि ते नाकपुड्यांच्या खालीही, कारण ऊन बर्फावरून उलटं येतं. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. चिवड्याचं पाकीट वरच्या खिशात. उतारावर बसून खाल्लेला नाशिकचा चिवडा आणि सोबत कुणीतरी दिलेला नून चाय, म्हणजे काश्मिरी खारा चहा, ही जोडी कागदावर विचित्र वाटते.

पहिले तीन दिवस

पोचल्याच्या दिवशी काही करू नका. आपण सहाशे मीटरवरची माणसं, डोकं जड होणं साहजिक आहे. पाणी प्या, बूट घालून हॉटेलसमोर चाला.

पहिला दिवस पडण्याचा. एकच स्की घालून सपाटीवर ढकलत फिरा, मग दोन्ही. फळ्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, असा पिझ्झाचा तुकडा करून थांबायला शिका. वळण त्यातूनच निघतं: डावीकडे जायचं तर उजव्या पायावर वजन. इथे मागे रेलण्याची जुनी सवय उसळून वर येईल. नडगी जिभेवर, हात पोळपाटावर. बूट बाइंडिंगमध्ये घालण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडा, नाहीतर टाच नीट बसत नाही आणि स्की भलत्या वेळी सुटते.

दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतील. ऑक्टोबरपासून पायऱ्या उतरला असाल तर कुरकुरतील, नाहीतर ओरडतील. तरीही सकाळी जा.

तिसऱ्या दिवशी अचानक जमायला लागतं आणि दुपारी चारच्या सुमारास, ऊन गेलेलं, बर्फ कडक होत आलेला, पाय थकलेले असताना प्रशिक्षक म्हणतो, "एक और?" त्याला नाही म्हणा आणि बकल सैल करा.